जमालगोटा, हळद आणि उंदराची पाठ

जमालगोटा हे नाव मराठी घरांत निघते ते जुलाबाच्या संदर्भात, आणि तेही बहुधा चेष्टेने. जाणकार वैद्य मात्र त्याला वचकून असत, कारण त्याच्या बियांचे तेल पोटात गेले तर आतडी सोलवटून काढते आणि नुसते कातडीला लागले तरी लाली, आग आणि फोड उठवते. कातडी पेटवण्याचा हाच गुण विसाव्या शतकातील कर्करोग संशोधनाच्या उपयोगी पडला. एखाद्या रासायनिक संयुगाचा गाठींच्या वाढीवर काय परिणाम होतो हे उंदरांवर तपासण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतील एका फार जुन्या आणि नीट समजलेल्या पद्धतीत जमालगोट्याच्या तेलातून वेगळे काढलेले द्रव्य आजही वापरले जाते. १९८८ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात ॲलन कॉनी यांच्या गटाने या द्रव्यासमोर हळदीतील करक्युमिन उभे केले आणि उंदरांच्या पाठीवर दोघांची झुंज लावली. ‘हळद कर्करोग रोखते’ हे वाक्य आपल्याकडे सतत फिरत असते. त्यामागच्या महत्त्वाच्या प्रयोगांपैकी हा एक आहे, आणि अशी चाचणी कशी बेततात, तिच्यातून काय कळते व काय कळत नाही हे समजून घ्यायला तो फार सोयीचा आहे.

रसायनामुळे गाठ होऊ शकते हा संशय जुना आहे. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचा संबंध काजळीशी आहे, असे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच लिहिले होते. मात्र प्रयोगाने ते दाखवायला १९१५ साल उजाडले. त्या वर्षी जपानमधील यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि तीनच वर्षांत तेच उंदराच्या पाठीवर करून दाखवण्यात आले. पुढे लंडनमध्ये दोन टन डांबर गाळून, शुद्ध करत करत त्यातील बेंझपायरीन हे गाठी करणारे संयुग १९३३ मध्ये वेगळे काढले गेले. त्यानंतर काळ्या चिकट डांबराऐवजी शुद्ध, मोजून देता येणारे द्रव्य हाती आले आणि ‘किती दिले’ हा प्रश्न प्रथमच काटेकोरपणे विचारता येऊ लागला.

ऑक्सफर्डमध्ये काम करणारे आयझॅक बेरेनब्लम यांनी १९४० च्या दशकात बेंझपायरीन आणि जमालगोट्याचे तेल यांची सांगड घातली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बेंझपायरीन अगदी थोडे, एकट्याने गाठी होणार नाहीत इतके लावले आणि नंतर त्याच जागी जमालगोट्याचे तेल पुन्हा पुन्हा लावले, तर गाठींचे पीक येते. नुसते तेल लावले तर जवळजवळ काहीच होत नाही. आधी तेल आणि मग बेंझपायरीन असा क्रम उलटा केला तरीही काही होत नाही. सर्वांत नवलाची गोष्ट अशी की, दोहोंच्या मध्ये कित्येक महिन्यांचे अंतर ठेवले तरी तेल लावायला लागताच गाठी येतात. म्हणजे पहिल्या द्रव्याची खूण त्वचेत कुठेतरी तशीच राहिलेली असते.

चुलीतल्या राखेखालचा निखारा आणि फुंकणी यांची जोडी डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन समजते. निखारा वरून दिसत नाही आणि एकटा पेटही घेत नाही. पण फुंकणी घेऊन कोणी बसले तर जाळ होतो. निखाराच नसेल तर कितीही फुंकले तरी राखच उडते. शास्त्रीय परिभाषेत पहिल्या टप्प्याला आरंभ आणि दुसऱ्याला चालना म्हणता येईल. संयुगाची परीक्षा घेताना ते निखारा पडूच देत नाही की फुंकणी बंद पाडते, हा भेद सर्वांत आधी करावा लागतो, आणि वर्तमानपत्री बातमीत नेमका तोच गळून जातो.

आता या दोन टप्प्यांत पेशीच्या आत काय घडते ते पाहू. आजच्या प्रयोगांत आरंभासाठी बहुधा डीएमबीए नावाचे संयुग वापरतात. ते बेंझपायरीनच्याच कुळातले, म्हणजे कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडून बनलेले आहे. गंमत अशी की, ते स्वतः फारसे क्रियाशील नसते. त्वचेतील पेशी ते बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळेल असे रूप त्याला द्यायला जातात आणि या साफसफाईतच त्याचे एक आक्रमक रूप तयार होते, जे डीएनएला जाऊन चिकटते. पेशी दुभंगताना चिकटलेल्या जागी नक्कल चुकते. उंदरांच्या पाठीवरील अशा गाठी तपासल्या तेव्हा त्यांतील बहुसंख्य गाठींत एचरास नावाच्या जनुकातील एकाच ठिकाणी, एकसष्टाव्या शब्दात, एकाच अक्षराचा बदल आढळला. हा बदल कायमचा असतो, आणि महिनोन्‌महिने टिकणारा निखारा तो हाच.

चालना देणारे द्रव्य मात्र डीएनएला हात लावत नाही. १९६० च्या दशकात जर्मनीतील हायडेलबर्ग येथे जमालगोट्याच्या तेलातून त्याचा मुख्य कर्ता वेगळा काढला गेला. त्याचे पूर्ण नाव बोजड असल्यामुळे सगळे त्याला टीपीए म्हणतात. पेशीला ‘वाढ, दुभंग’ असा निरोप देणारा एक रेणू आपल्या शरीरात क्षणभर तयार होतो आणि लगेच मोडला जातो. टीपीए त्या रेणूचे सोंग घेते, पण मोडले जात नाही, त्यामुळे निरोप वाजतच राहतो. प्रोटीन कायनेज सी हे विकर टीपीएचे लक्ष्य असल्याचे १९८२ मध्ये जपानमधील निशिझुका यांच्या गटाने दाखवले. सततच्या निरोपामुळे त्वचा सुजते, जाड होते, पेशी भराभर दुभंगतात आणि त्यांत बदललेल्या जनुकाच्या पेशी इतरांना मागे टाकतात. टीपीए थांबवले की सूज ओसरते, आणि आलेल्या काही गाठीसुद्धा विरतात.

प्रत्यक्ष प्रयोग दिसायला अगदी साधा असतो, पण त्यातले प्रत्येक पाऊल कशासाठी आहे ते समजले की मग निकाल वाचता येतो. सहा ते आठ आठवड्यांच्या माद्या घेतात. माद्याच का, तर नर एका पिंजऱ्यात ठेवले की भांडतात, एकमेकांच्या पाठी चावतात, आणि जखम भरून येण्याची प्रक्रिया स्वतःच गाठींना चालना देते. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यातच भेसळ होते. पाठीवरचे केस यंत्राने काढून दोन दिवस थांबतात आणि ज्यांचे केस लगेच वाढू लागतात त्यांना वगळतात, कारण केस वाढत असतानाची त्वचा आणि विसावलेली त्वचा सारखी वागत नाही. मग डीएमबीए ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचे थोडे थेंब एकदाच लावतात; प्रमाण सुमारे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. आठवड्याने टीपीए सुरू होते, आठवड्यातून दोनदा, सलग २० आठवडे. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिल्या गाठी दिसू लागतात. त्या चामखिळीसारख्या, वर आलेल्या आणि बहुतेक सौम्य असतात. त्यांतील थोड्याच पुढे खऱ्या अर्थाने कर्करोग होतात आणि त्यासाठी आणखी कित्येक महिने वाट पाहावी लागते. म्हणजे २० आठवड्यांच्या प्रयोगात जे मोजले जाते ते बहुतांशी कर्करोगाच्या अलीकडचे असते. हे वाक्य अशा प्रत्येक बातमीखाली छापायला हवे असे मला वाटते.

ज्या संयुगाची परीक्षा घ्यायची ते देण्याची वेळ प्रश्नानुसार बदलते. डीएमबीएच्या आधी दिले तर आरंभ रोखला जातो का हे कळते, आणि टीपीएबरोबर दिले तर चालना रोखली जाते का हे. एवढ्याने भागत नाही, कारण तुलनेचे गट नसतील तर कोणताच आकडा बोलत नाही. एका गटाला फक्त ॲसिटोन लावतात, कारण ॲसिटोनच त्वचेला काही करत नाही ना हे पाहायचे असते. एका गटाला फक्त डीएमबीए, एकाला फक्त टीपीए, एकाला दोन्ही, आणि एकाला दोन्हींबरोबर संयुग. याशिवाय डीएमबीएनंतर टीपीए न देता फक्त संयुग द्यायचा गट असावा, आणि तो पुष्कळदा खर्चापायी गाळला जातो. पण परीक्षेतील संयुग स्वतःच फुंकणीचे काम करते का, हा प्रश्न फक्त तोच गट सोडवू शकतो. प्रत्येक गटात साधारण २० ते ३० उंदीर असतात आणि कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. पिंजऱ्यातून आधी हाताला लागणारे उंदीर बहुधा सुस्त किंवा आजारी असतात आणि ते सगळे एकाच गटात गेले तर पुढचे पाच महिने वाया जातात.

मोजणी दर आठवड्याला होते. एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ सामान्यतः गाठ म्हणून धरली जाते. त्यातून तीन वेगवेगळे आकडे निघतात: किती टक्के उंदरांना निदान एक तरी गाठ आली, एका उंदरामागे सरासरी किती गाठी आल्या, आणि पहिली गाठ किती आठवड्यांनी आली. हे तिन्ही एकाच दिशेने जातीलच असे नाही. समजा, तुलनेच्या गटात ३० पैकी ३० उंदरांना सरासरी दहा गाठी आल्या आणि संयुगाच्या गटात ३० पैकी २७ उंदरांना सरासरी दोन. गाठींच्या संख्येत ८० टक्क्यांहून अधिक घट झाली असे म्हणता येते, आणि दहापैकी नऊ उंदीर तरीही सुटले नाहीत असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते मथळ्यात येते हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. संख्याशास्त्राची आणखी एक मेख अशी की, येथे एकक उंदीर आहे, गाठ नव्हे. एका उंदराच्या पाठीवरील वीस गाठी म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत, कारण त्या एकाच कातडीवर, एकाच शरीरात वाढल्या आहेत.

कॉनी यांच्या गटाने करक्युमिन टीपीएबरोबर लावले. प्रत्येक वेळी १० मायक्रोमोल करक्युमिन आणि ५ नॅनोमोल टीपीए (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक), आठवड्यातून दोनदा, २० आठवडे. एका उंदरामागील गाठींची संख्या ९८ टक्क्यांनी घटली. त्याच प्रयोगात कॉफीत व इतर वनस्पतींत सापडणारी क्लोरोजेनिक, कॅफेइक आणि फेरुलिक ही आम्ले तितक्याच मात्रेत वापरली होती. त्यांनी अनुक्रमे ६०, २८ आणि ३५ टक्के घट दाखवली. तुलनेला करक्युमिनसारखीच दुसरी द्रव्ये ठेवणे ही या प्रयोगाची खरी ताकद आहे, कारण ‘काहीही लावले तरी गाठी कमी होतात’ ही शंका त्यामुळे बरीचशी फिटते.

९८ टक्के हा आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच त्याच्या शेजारचे आकडे वाचायला हवेत. १० मायक्रोमोल म्हणजे १०,००० नॅनोमोल. टीपीएच्या प्रत्येक रेणूमागे करक्युमिनचे २,००० रेणू त्वचेवर होते. वजनात सांगायचे तर टीपीए तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि करक्युमिन पावणेचार मिलिग्रॅमच्या आसपास. तेही ॲसिटोनमध्ये विरघळवून, जिथे गाठ व्हायची नेमक्या त्याच जागी आणि चालना देणारे द्रव्य लावण्याच्याच वेळी. हळद पाण्यात विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी बसते, आणि फोडणीच्या तेलात मात्र रंग सोडते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पोटातून जाऊन एवढे करक्युमिन त्वचेपर्यंत पोचेल का, हा प्रश्न या प्रयोगाने विचारलेलाच नव्हता. त्याने विचारले होते ते इतकेच: पुरेसे करक्युमिन जागेवर असेल तर चालना रोखली जाते का? याचे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी आले.

करक्युमिनच्या बाबतीत एक खास अडचण आहे, जी मला नेहमी मजेशीर वाटते. चांगल्या प्रयोगात गाठी मोजणाऱ्याला समोरचा उंदीर कोणत्या गटातला आहे हे माहीत नसावे. कारण सीमारेषेवरची एक मिलिमीटरची गाठ धरायची की सोडायची हे मन नकळत ठरवत असते. पण हळदीचा डाग कोणापासून लपणार? पिवळ्या पाठीचा उंदीर आपला गट स्वतःच सांगतो. अशा वेळी गाठी कापून, पेशी रंगवून, गट न कळता सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासणे हाच मार्ग उरतो.

अन्नातून संयुग दिले तर वेगळाच सापळा असतो. १९४० च्या दशकात शिकागोतील अल्बर्ट टॅनेनबॉम यांनी दाखवून दिले की, उंदरांना पोटाला थोडे कमी दिले तर गाठी आपोआप कमी होतात. आता एखादे कडू किंवा उग्र द्रव्य खाण्यात मिसळले, उंदीर कमी खाऊ लागले, वजने घटली आणि गाठीही घटल्या, तर श्रेय संयुगाचे की उपासाचे? म्हणूनच दर आठवड्याला वजन घेतात, खाल्लेले अन्न तोलतात, आणि शंका असेल तर तुलनेच्या गटालाही तेवढेच मोजून खायला घालतात. शोधनिबंधात वजनांचा तक्ता नसेल तर वाचणाऱ्याने तिथेच थबकावे.

अन्नातून हळद देण्याचे एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्विस जातीच्या उंदरांना हळद मिसळलेले खाणे दिले होते. बेंझपायरीनमुळे जठराच्या पुढच्या कप्प्यात होणाऱ्या गाठी २ टक्के हळदीने लक्षणीय घटल्या, आणि डीएमबीएमुळे होणाऱ्या त्वचेच्या गाठींवरही परिणाम दिसला. येथे वापरली ती शुद्ध करक्युमिनची पूड नव्हे, तर हळद, जी आपण प्रत्यक्ष खातो. जठराचा हा पुढचा कप्पा मात्र उंदराला असतो, माणसाला नसतो. तिथे अन्न साठून राहते, त्यामुळे द्रव्याचा आणि अस्तराचा संपर्क बराच काळ टिकतो.

२ टक्के म्हणजे किती, हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. पंचवीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण साडेतीन ग्रॅम खातो. त्यात २ टक्के हळद म्हणजे ७० मिलिग्रॅम. शरीराच्या प्रत्येक किलोमागे हे २,८०० मिलिग्रॅम होतात. साठ किलोच्या माणसाला सरळ त्रैराशिकाने लावले तर रोज १६८ ग्रॅम हळद, म्हणजे जवळजवळ पाऊण पावशेर! पण सरळ त्रैराशिक येथे चुकते, कारण लहान प्राण्याचे शरीर वजनाच्या मानाने फार वेगाने चालते. त्याचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडते आणि द्रव्येही तितक्याच घाईने बाहेर पडतात. म्हणून औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठभागाच्या आधारे रूपांतर करतात आणि उंदराची किलोमागील मात्रा सुमारे बाराने भागतात. तसे केले की आकडा दिवसाला १४ ग्रॅमच्या आसपास येतो. तोही आपल्या आमटी-भाजीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीपेक्षा पुष्कळ मोठा आहे, आणि त्यात करक्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्के धरले तर जेमतेम ४०० मिलिग्रॅम करक्युमिन हाती लागते.

याच हळदीची उलटी परीक्षाही झाली आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने हळदीचा अर्क, ज्यात ७९ ते ८५ टक्के करक्युमिन होते, दोन वर्षे उंदरांना आणि त्यांच्याहून थोराड असलेल्या रॅट या प्राण्यांना खाऊ घातला. या चाचणीत कोणी डीएमबीए लावत नाही, टीपीए लावत नाही. प्राण्याला आयुष्यभर फक्त ते द्रव्य देतात आणि शेवटी प्रत्येक अवयव कापून पाहतात, कारण येथे प्रश्नच उलटा असतो: हे द्रव्य स्वतः गाठी निर्माण करते का? मात्रा तीन होत्या, खाण्याच्या ०.२, १ आणि ५ टक्के. १९९३ मध्ये अहवाल आला. नर रॅटमध्ये कोणताही पुरावा नाही, आणि मादी रॅट व दोन्ही लिंगांच्या उंदरांत ‘संदिग्ध पुरावा’, असा निष्कर्ष होता. उंदरांत मधल्या, म्हणजे १ टक्क्याच्या मात्रेला यकृताच्या सौम्य गाठी किंचित वाढल्या होत्या, पण त्याच्या पाचपट मात्रेला तशी वाढ ठरली नाही. मात्रा वाढली की परिणामही वाढावा ही विषशास्त्रातील पहिली अपेक्षा असते. ती मोडली की निष्कर्ष ठामपणे काढता येत नाही. शिवाय या चाचण्यांसाठी वापरलेल्या संकरित जातीच्या नर उंदरांना उतारवयात काहीही न देताही यकृताच्या गाठी मोठ्या प्रमाणात होतात, त्यामुळे थोडीशी वाढ योगायोगाची की द्रव्याची हे सांगणे अवघड जाते. ‘संदिग्ध’ या शब्दाचा अर्थ ‘थोडे धोकादायक’ असा होत नाही आणि ‘निर्धोक’ असाही होत नाही. त्या चाचणीला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, एवढाच तो अर्थ आहे.

उंदरांवर गाठी तपासण्याच्या इतर पद्धतीही आहेत. केस नसलेल्या आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदराच्या कातडीखाली माणसाच्या कर्करोगाच्या पेशी टोचतात आणि कॅलिपरने गाठीची लांबी-रुंदी घेऊन आकारमान काढतात. १९६९ मध्ये माणसाची गाठ अशा उंदरात प्रथम वाढवण्यात आली. जनुकात मुद्दाम बदल करून, आपोआप गाठी होतील असे उंदीरही पैदा करतात. पहिली पद्धत औषधाची परीक्षा घ्यायला सोयीची, तर त्वचेची जुनी पद्धत गाठ होण्याआधीच्या काळाकडे पाहणारी. एकीचा निकाल दुसरीच्या नावावर खपवता येत नाही.

या सगळ्यात उंदीर मरतात, हे झाकण्यात अर्थ नाही. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीच्या देखरेखीशिवाय आणि संस्थेच्या आचारसमितीच्या मंजुरीशिवाय असे प्रयोग करता येत नाहीत, आणि गाठ किती मोठी झाली किंवा वजन किती घटले की प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे हे आधीच लिहून द्यावे लागते. शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग, प्राण्यांची संख्या कमीत कमी आणि त्यांचा त्रासही कमीत कमी, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली होती. मात्र संख्या नको इतकी कमी केली तर प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही आणि मेलेले सगळेच उंदीर फुकट जातात, ही त्या सूत्राची दुसरी बाजू आहे.

उंदराच्या पाठीवरून माणसाच्या पोटाकडे येताना करक्युमिनची वाट अडते. ह्यूस्टनमधील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगाच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन तोंडावाटे दिले. एवढे देऊनही रक्तात मिलिलिटरमागे वीस ते चाळीस नॅनोग्रॅमच सापडले. दोन रुग्णांत रोगावर काही परिणाम दिसला, पैकी एकाचा अल्पकाळ टिकला. आतड्याचे अस्तर आणि यकृत मिळून करक्युमिनचे रूप वेगाने बदलून टाकतात, म्हणून रक्तात ते उरत नाही.

यावर तोडगा म्हणून मिऱ्यातील पिपेरिन पुढे आले, कारण ते यकृताचे आणि आतड्याचे हे काम काही काळ मंदावते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की, पिपेरिनबरोबर दिल्यावर करक्युमिनची रक्तातील उपलब्धता रॅटमध्ये १५४ टक्क्यांनी वाढली, तर माणसांत २,००० टक्क्यांनी. तेच दोन पदार्थ, आणि प्राणी बदलताच आकडा एवढा बदलतो. तेव्हापासून करक्युमिन आणि पिपेरिन एकत्र असलेल्या गोळ्यांचा बाजार वाढत गेला.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या जाळ्याने पुढे २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल दिला. त्यांपैकी एक दगावला. काही गोळ्यांच्या तपासणीत हळदीबरोबर पिपेरिनही सापडले, आणि दहापैकी सात रुग्णांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एकाच जनुकाचा एकच प्रकार आढळला, जो बहुसंख्य लोकांत नसतो. दोन वर्षे चाललेल्या त्या जुन्या चाचणीतील संकरित उंदीर एकाच प्रकारच्या आईबापांच्या पोटचे, जनुकांच्या दृष्टीने एकमेकांच्या हुबेहूब प्रती होते; अशा उंदरांत एखादा दोष असतो तो सगळ्यांत असतो, नाहीतर एकातही नसतो.